भाजलेल्या मुलाचे डी-थ्रीचे थेंब: किती, कधी, कसे मोजायचे

डिस्चार्जच्या दिवशी हातात आलेल्या कागदावर आठ औषधं होती. सहा मलम-ड्रेसिंगची, एक खाजेचं, आणि अगदी तळाला, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ: डी-थ्री ड्रॉप्स, म्हणजे व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज एक मिली. बाकी सात औषधांबद्दल आम्ही सिस्टरांना शंभर प्रश्न विचारले. या आठव्याबद्दल एकही नाही. टॉनिक असेल, असं धरून चाललो.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. लेक तेव्हा साडेचार वर्षांचा होता. आंघोळीचं पाणी गॅसवर टोपात तापवायचं आणि उचलून मोरीत न्यायचं, ही घरातली रोजची रीत. एका सकाळी टोप माझ्या हातात आणि हा मागून पळत आला. उजवा हात, छाती, पोट, मांडीचा थोडा भाग. कागदावर लिहिलं होतं १८ टक्के, म्हणजे अंगाचा तेवढा भाग भाजला होता. (मुलाचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, म्हणजे अंदाजे एक टक्का. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आजच माहीत असलेलं बरं, कारण पुढे प्रत्येक जण हाच आकडा विचारतो.)

मी डॉक्टर नाही. डोस किती हे मी सांगणार नाही. आमच्या मुलाचा पुढे ठरलेला डोससुद्धा मुद्दाम लिहीत नाही, कारण तो त्याच्या वजनाचा आणि त्याच्या रिपोर्टचा आहे. मला सांगायचंय ते डोस लिहून झाल्यानंतरचं. कागदावरचा आकडा मुलाच्या तोंडात जाईपर्यंत मध्ये मेडिकलवाला येतो, बाटली येते, ड्रॉपर येतो, आजी येते, आणि चुका होतात त्या या रस्त्यात.

आधी समजून घ्या: ही ओळ तिथे का आहे

आपलं शरीर व्हिटॅमिन डी मुख्यतः कातडीत बनवतं. कातडीत एक कच्चा माल असतो, उन्हातले अतिनील बी किरण त्याच्यावर पडले की त्याचं डी होतं. आता कातडीच भाजली असेल तर हा कारखानाच बंद पडतो, एवढं कुणालाही सुचेल. मला चकित केलं ते पुढच्या गोष्टीनं. अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला मुलांच्या बर्न्स हॉस्पिटलमध्ये डॉ. गॉर्डन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी भरून आलेल्या व्रणाचे आणि त्याच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचे तुकडे तपासले. २००४ साली त्यांनी मांडलं की दोन्हीकडे डी बनण्याचं प्रमाण नेहमीच्या साधारण पाव भागावर आलं होतं. म्हणजे व्रण सोडून बाकीचं अंग आहे ना उन्हात न्यायला, हा हिशेब तितका सरळ नाही.

त्याच गटानं २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. भाजलेल्या मुलांना ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) डी असलेलं नेहमीचं मल्टिव्हिटॅमिन सहा महिने दिलं, तरी कमतरता भरून निघाली नाही. हे अभ्यास प्रामुख्यानं मोठ्या प्रमाणात भाजलेल्या मुलांवरचे आहेत. मनगटावर चहा सांडून दोन टक्के पोळलेल्या मुलाला ते जसेच्या तसे लावू नका. पण पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे असाल, तर ‘रोजचं टॉनिक चालू आहे की’ हे उत्तर पुरेसं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि प्रश्न फक्त डीचा नाही. मोठं भाजलं की शरीर कित्येक महिने जास्त वेगानं स्वतःला जाळत राहतं, ताणाची संप्रेरकं वाढलेली असतात, मूल आठवडेच्या आठवडे अंथरुणात असतं. या सगळ्याचा मार हाडांवर पडतो. नवं हाड तयार होणं मंदावतं, उंची वाढायची थांबते, आणि पुढे साध्या पडण्यानं हाड मोडू शकतं. काही मुलांमध्ये डीची कमतरता कित्येक वर्षं टिकलेली दिसली आहे. म्हणून ही ओळ जखमा भरल्या की संपत नाही.

उन्हाचं काय करायचं

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी चटई घेतली आणि नातवाला सकाळी साडेसातच्या कोवळ्या उन्हात बसवायचं ठरवलं. बाळांना तसं बसवतच वाढवलंय त्यांनी. मी काही बोलले नाही, मलाही ते बरोबरच वाटत होतं.

दोन अडचणी निघाल्या. पहिली, कोवळ्या उन्हात ऊब असते, प्रकाश असतो, पण ज्या किरणांनी डी बनतं ते जवळपास नसतात. सूर्य खाली असताना ते किरण हवेतच अडतात. ते मिळतात साधारण दहा ते तीनमध्ये. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा. दुसरी अडचण मोठी. नव्यानं भरलेली कातडी त्याच दहा ते तीनच्या उन्हात काळवंडते, तो डाग मग उतरता उतरत नाही, आणि ती कातडी चटकन पुन्हा पोळते. म्हणून डॉक्टर सांगतात की व्रण झाका, टोपी घाला, पूर्ण भरलेल्या भागावर तीस किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावा. त्यात प्रेशर गारमेंट. व्रण दाबून ठेवणारे ते घट्ट कपडे दिवसाचे तेवीस तास अंगावर, वर्षभर किंवा त्याहून जास्त. मग ऊन लागणार कुठे?

आणि आमच्याकडचं ऊन तरी काय. माथाडींच्या बैठ्या घरांवर आता तीन-तीन मजले चढलेत. गल्लीत ऊन बाराला उतरतं आणि एकला जातं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेही नाही. गॅलरीला काचेची खिडकी बसवलेली असेल तर काचेतून आलेलं ऊन डीसाठी बिनकामाचं, कारण ते किरण काचेतून आत येत नाहीत.

सासूबाईंना मी शेवटी एवढंच म्हटलं, “आई, याच्या अंगावरचं ऊन आता बाटलीत आहे.” त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण चटई आत आली. मुलाला संध्याकाळी खेळायला मात्र जरूर न्या. चालण्या-धावण्यानं हाडांवर जो भार पडतो त्याची त्यांना गरज आहे, ते काम कुठलाही थेंब करत नाही.

एक उपप्रश्न नेहमी येतो: तेलमालिशीनं डी मिळतं का? नाही. व्रणावर जे मालिश सांगतात ते व्रण मऊ पडावा म्हणून. ते करा, पण डीच्या खात्यात धरू नका.

रक्ततपासणी: कुठली, कधी, आणि आकडा कसा वाचायचा

लॅबमध्ये ‘व्हिटॅमिन डी’ एवढंच म्हणू नका. तपासणीचं नाव ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’. ‘१,२५’ नावाची दुसरी एक तपासणी असते, ती वेगळी आणि महागही. कागदावर डॉक्टरांच्या हातचं नाव असेल तर घोळ होत नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही. डॉक्टरांनी सोबत दुसरं काही लिहिलं असेल तर तेवढं विचारून घ्या. बरोबरीनं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि कधी पीटीएच (कॅल्शियमवर ताबा ठेवणारं संप्रेरक) सांगतात. मुलाला एकदाच टोचायचं असेल तर हे सगळं एकाच वेळी करून घ्या. ज्या मुलानं महिनाभर ड्रेसिंग सोसलंय त्याच्यासाठी एक सुई कमी म्हणजे खूप असतं.

अगदी सुरुवातीच्या दिवसांत, मूल आयसीयूत असताना काढलेला आकडा फसवा असू शकतो. डीला रक्तात वाहून नेणारं प्रथिन भाजल्यावर घटतं, शिवाय सलाइन भरपूर चढलेलं असतं, त्यामुळे आकडा आहे त्याहून खाली दिसतो. घरी येऊन स्थिरावल्यावरचा रिपोर्ट जास्त कामाचा.

आता आकडा. आमचा आला १४. एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २० च्या वर पुरेसं, १२ ते २० अपुरं, १२ च्या खाली कमतरता. पण बऱ्याच लॅबच्या कागदावर ३० च्या खालचं सगळं ‘अपुरं’ म्हणून छापलेलं असतं. तेव्हा २४ आला आणि शेजारी ठळक अक्षरं दिसली तर रात्रीची झोप घालवू नका, कागद मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर या एककात आकडा देतात. त्याला अडीचनं भागा. तिथला ५० म्हणजे इथला २०.

पुन्हा तपासणी साधारण तीन महिन्यांनी. पंधरा दिवसांत बघू म्हणून घाई केलीत तर पैसे वाया. हा आकडा सावकाश हलतो, स्थिर व्हायलाच दोन-तीन महिने घेतो.

बाटली वाचायला शिका

इथे जरा थांबते, कारण आमची चूक इथे झाली.

पहिली बाटली संपली. मी स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये रिकामी बाटली दाखवली. ती कंपनी नव्हती. काउंटरवरच्या मुलानं दुसरी काढून दिली. “तेच आहे ताई, कंपनी वेगळी.” मी घेतली, रोज एक मिली देत राहिले. एकोणीस दिवसांनी ओपीडीत आहारतज्ज्ञ मॅडमनी बाटली मागितली, फिरवून पाहिली, चष्मा वर केला आणि परत पाहिली. पहिल्या बाटलीत एका मिलीत ४०० आययू होते. दुसरीत एका मिलीत ८००.

दुप्पट. नुकसान काही झालं नाही, उलट रिपोर्ट बघून डॉक्टर डोस वाढवणारच होते. पण ते आमचं नशीब. उलटं झालं असतं, म्हणजे डोस ८०० वर ठरला असता आणि बाटली ४०० ची आली असती, तर तीन महिने अर्धं औषध देऊन ‘याला लागू का पडत नाही’ म्हणत बसलो असतो.

तेव्हापासून बाटली हातात आली की काउंटरवरच चार गोष्टी बघते.

नाव: कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे डी-थ्री. शेजारी कॅल्सिट्रिऑल लिहिलं असेल तर ते वेगळं औषध आहे. ते तयार, सक्रिय रूप, अगदी थोड्या मायक्रोग्रॅममध्ये देतात, आणि कॅल्शियम भराभर चढवू शकतं. नावं कानाला सारखी लागतात, म्हणून बदली म्हणून कधीच घेऊ नका.

ताकद: ‘प्रत्येक मिलीत’ इतके आययू की ‘प्रत्येक अर्ध्या मिलीत’ की ‘प्रत्येक पाच मिलीत’? सगळा खेळ या एका ओळीत आहे, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात बारीक अक्षरात असते. मोबाइलचा कॅमेरा लावून मोठी करून वाचा, लाजू नका. आययूऐवजी मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर चाळीसनं गुणा: १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० आययू.

आणखी काय मिसळलंय: नुसतं डी आहे की सोबत कॅल्शियम, ए व्हिटॅमिन वगैरे. मल्टिव्हिटॅमिन आधीच चालू असेल तर त्यातलं डीसुद्धा बेरजेत येतं. हे डॉक्टरांना सांगायचं आपलं काम आहे, त्यांच्यासमोर आपल्या स्वयंपाकघरातलं कपाट नसतं.

आणि मुदत. सील फोडल्यावर किती दिवसांत संपवायची तेही वाचा. मी झाकणावर मार्करनं सील फोडल्याची तारीख टाकते.

डॉक्टरांना एकच विनंती करा: डोस मिलीत नको, आययूत लिहा. ‘रोज इतके आययू’ असं लिहिलं की बाटली कुठलीही येवो, मिलीचा हिशेब त्या बाटलीवरून करता येतो. आमच्या डॉक्टरांनी लगेच पेन काढून दुरुस्त करून दिलं. इतकी साधी गोष्ट आहे.

मोजायला बाटलीतला ड्रॉपर चालतो, पण त्याच बाटलीतला. जुन्या बाटलीचा ड्रॉपर नव्या बाटलीत घालू नका, रेघा वेगळ्या असतात. थेंब मोजू नका. थेंबाचा आकार ड्रॉपरप्रमाणे आणि हात तिरका धरण्याप्रमाणे बदलतो. सगळ्यात बरं म्हणजे बिनसुईची एक किंवा दोन मिलीची साधी सिरिंज. इन्सुलिनची सिरिंज मात्र वापरू नका. आमच्या मजल्यावरचे काका मधुमेहाचे, त्यांनी प्रेमानं आणून दिली होती. तिच्यावर ‘युनिट’ छापलेले असतात, आणि डीच्या बाटलीवरही ‘युनिट’. या दोन युनिटांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

६०,००० चं पाकीट घरात असेल तर

ठाणे-नवी मुंबईत आता प्रत्येक दुसऱ्या घरात गुडघेदुखीवाल्या कुणाची तरी ६०,००० आययूची पाकिटं किंवा छोट्या शिश्या पडलेल्या असतात. ओपीडीच्या बाकावर एक आजी भेटल्या. नातीला डॉक्टरांनी खरंच पाकीट लिहून दिलं होतं, आठवड्याला एक. घरी ते रोज एक म्हणून वाचलं गेलं. आठवडाभर रोज दुधात.

हिशेब करून बघा. ६०,००० म्हणजे ४०० आययूचे दीडशे दिवस. सात पाकिटं म्हणजे ४,२०,०००, जवळजवळ तीन वर्षांचा ऐवज एका आठवड्यात. मूल तपासणीसाठी दाखल करावं लागलं होतं.

डी चरबीत विरघळतं, अंगात साठतं, जास्त झालेलं लघवीवाटे निघून जात नाही. म्हणून मोठ्यांचं पाकीट ‘थोडंसं’ मुलाला देऊ नका, अर्धंसुद्धा नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर वार ठरवा. कॅलेंडरवर पुढचे सगळे वार आधीच गोल करा आणि दिलं की फुली मारा. ज्याच्या हातात पाकीट आहे त्यानेच फुली मारायची. आणि उरलेली पाकिटं वरच्या फळीवर, मोठ्यांच्या औषधांपासून वेगळी.

तुलनेसाठी आकडे: निरोगी बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० आययू, त्यापुढच्या मुलांना ४०० ते ६००, असं सर्वसाधारण प्रमाण आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी निरोगी मुलांसाठी रोजची वरची मर्यादा एक ते तीन वर्षांना २५००, चार ते आठला ३००० आणि नऊपासून पुढे ४००० आययू अशी घातली आहे. उपचार म्हणून डॉक्टर ठरावीक काळासाठी याहून जास्त देऊ शकतात, पण तेव्हा ते रक्त तपासत असतात. आपण घरी तपासत नाही, हाच फरक.

कसं द्यायचं

जेवणानंतर. पोटात तूप, दूध, अंड्यातला पिवळा भाग असं काही स्निग्ध गेलेलं असलं की डी नीट शोषलं जातं. आम्ही वरणभात-तुपाशी जोडून टाकलं: ताट उचललं की सिरिंज. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशात पिचकारी नको. पूर्ण पेल्यात किंवा बाटलीत मिसळू नका, मूल अर्धं दूध ठेवून उठलं की डोसही अर्धा.

एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. उलटी झाली तर रोजच्या थेंबांच्या बाबतीत पुढचा डोस दुसऱ्या दिवशीच. पाकिटाचा डोस असेल तर डॉक्टरांना फोन.

झटक्यांसाठी फेनिटॉइन किंवा फिनोबार्बिटोन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्या औषधांनी शरीर डी लवकर मोडून टाकतं. लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतील तर एकाच वेळी देऊ नका, एक सकाळी एक संध्याकाळी.

ताटातलं

खाण्यातून डी फारसं मिळत नाही, हे मान्य करून टाका. अंड्याच्या एका बलकात साधारण ४० आययू. बांगडा, तारली यांत बऱ्यापैकी. मासे खाणारं घर असेल तर काटे काढून आठवड्यातून दोनदा द्या. पिशवीच्या दुधावर ‘प्लस एफ’ची खूण असेल तर त्यात डी घातलेलं असतं, लिटरला २०० ते ३०० आययू. म्हणजे दोनशे मिलीच्या पेल्यातून ४० ते ६०. चांगलंच आहे, पण थेंबांची जागा घेण्याएवढं नाही.

ताटाचं खरं काम कॅल्शियम पुरवणं. नुसतं डी देऊन कॅल्शियम नसेल तर गवंडी आला आणि विटाच नाहीत, असं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५० मिलिग्रॅम लागतं. दुधाच्या एका पेल्यातून २४० च्या आसपास येतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर. आमच्याकडे सकाळी नाचणीचं सत्त्व, संध्याकाळी दही, आणि संक्रांतीनंतरही सुरू ठेवलेले तिळाचे लाडू. हाताची बोटं नीट वळत नव्हती तेव्हा लाडू उचलून तोंडापर्यंत नेणं हाच फिजिओथेरपीचा व्यायामही झाला, तो भाग वेगळा.

काय दिसलं तर थांबायचं, काय दिसलं तर धावायचं

डी जास्त होऊन कॅल्शियम चढलं की मूल मलूल होतं, भूक जाते, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि सारखी लघवी. यातलं एखादं लक्षण एरवीही होतं, पण तहान-लघवी आणि उलट्या-बद्धकोष्ठता एकत्र आले तर थेंब थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा, बाटली सोबत घेऊन. जे मूल अजून फारसं हलत नाही त्याच्यात नुसतं पडून राहिल्यानंही कॅल्शियम वाढू शकतं, म्हणून तिथे जास्त सावध.

उलट बाजूला, पाय दुखतात म्हणून रडणं, लंगडणं, चालायला नकार, लहानशा पडण्यानंतर हात-पाय न हलवणं, हाताची बोटं आखडणं किंवा झटका. यात ‘व्रण ओढत असेल’ म्हणून घरी थांबू नका. आम्ही दोन दिवस थांबलो होतो. ते खरंच व्रणाचंच ओढणं निघालं, पण एक्स-रे काढेपर्यंतची ती दुपार मला आठवते.

वही

मी शाळेची शंभर पानी वही केली. डाव्या पानावर बाटलीचं नाव, एका मिलीत किती आययू, सील फोडल्याची तारीख. उजव्या पानावर रोजची खूण. मागच्या पानांवर रिपोर्ट: तारीख, २५-हायड्रॉक्सीचा आकडा, कॅल्शियम, आणि त्या दिवशीचं वजन-उंची. उंची भिंतीवर पेन्सिलनं करा, दर तीन महिन्यांनी. भाजल्यानंतर उंचीची रेघ बरेच महिने जागची हलली नाही तर ती डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

दाखवायचं कुठे? जिथे मूल दाखल होतं तिथली फॉलोअपची तारीख चुकवू नका, कातडीसोबत हाडांचंही तिथेच विचारा. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तिथे त्वचापेढीही आहे. ट्रान्स-हार्बर लाइननं ठाणे आणि वाशी दोन्हीकडून ऐरोली स्टेशन सरळ पडतं. ज्यांना अजून रुग्णालयात उपचार घ्यायचेत त्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरवर भाजण्याच्या उपचारांबद्दल विचारावं, ते त्या योजनेत येतात. रोजच्या थेंबांसाठी मात्र घराजवळचा मुलांचा डॉक्टर असू द्या. बर्न्सच्या ओपीडीत वजन बघून मिली बदलायला कुणाला सवड नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पुढच्या भेटीला वही, चालू बाटली, मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणि रिपोर्ट एका पिशवीत. विचारायचं ते हे: आता वजन वाढलंय, डोस तोच का? पुढची तपासणी कुठल्या महिन्यात? गारमेंट सुटलं तरी थेंब चालू ठेवायचे का? शेवटच्या प्रश्नाला आम्हाला ‘हो’ असं उत्तर मिळालं. गारमेंट दिवाळीच्या आधी सुटलं, थेंब अजून चालू आहेत. आता सिरिंज तो स्वतः धरतो, रेघेपर्यंत ओढतो आणि आजीला दाखवून घेतो. वहीत खूण मात्र अजून आजीच करतात.